टाकी लावणारा

बनशंकरी, बंगळूर
१८ ऑगस्ट २०२४, रविवार

मामा,

नमस्कार मागाहून करतो, आधी भांडण पुरं करू. तुम्ही गावभर सांगता की जयसिंगानं पाटा नासवला. नासवला नाही, घासला. नासवणं वेगळं. टवका उडाला नाही, चीर गेली नाही, कोपरा मोडला नाही. त्या काळ्या दगडाच्या पोटात पांढऱ्या काड्यांची फुलं होती, पाणी ओतलं की दिसायची आणि वाळलं की जायची. मला वाटलं, कायमची दिसावीत. म्हणून तुम्ही दुपारचे आडवे झालात की मी आधी वाळूनं, मग विटेच्या पुडीनं, मग राखेनं घासत बसायचो. चार दुपारी. एवढं सलग मी आयुष्यात दुसरं काही केलं नव्हतं, शाळासुद्धा नाही.

तासगावच्या पाहुण्यांनी लग्नासाठी तो पाटा नेला आणि पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. गुळगुळीत पाट्यावर मिरची थांबत नाही. नवरदेवाच्या आईनं वरवंटा रेटला तो थेट पायावर, मिरच्या अंगणात. माझी चूक. मान्य. पाट्याला टाकी हवी, छिन्नीनं ठोकून तो खरबरीत हवा, हे मला पाळण्यात कळत होतं. पण बाजारात लोक जे बोलले ते मी बोललो नव्हतो. "कृष्णाजीचा पाटा घ्या, वाटायला नाही, त्यात बघून भांग पाडायला!" त्यावर सगळा मिरजेचा बाजार हसला आणि तुम्ही माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. घरी येऊन एवढंच म्हणालात, "आजपासून माझं नाव सांगायचं नाही. कुठं शिकला विचारलं तर सांग, आपोआप उगवलो."

मामा, आई गेल्यावर, मी सहा वर्षांचा असताना, तुम्ही मला घरी आणलं, सातवीत शाळा सुटली तेव्हा हातात छिन्नी दिली. आणि वर म्हणता आपोआप उगवलो. बाभळ आहे का मी?

फोनवर तुम्ही माझं नुसतं "मामा" ऐकून कट करता. पत्र कट होत नाही म्हणून लिहितोय. मामी वाचून दाखवणार हेही ठाऊक आहे. (मामी, चष्मा त्यांच्या खिशातच असतो. तरी तूच वाच.)

इथं कसा टिकलो ते सांगतो. उतरलो त्या दिवशी बिल्डिंगच्या कामावरच्या मेस्त्रीनं विचारलं, क्या काम आता है? मी छाती काढून सांगितलं, "टाकी लगाता हूँ." मेस्त्रीला एवढा आनंद झाला की मला वाटलं या शहरात पाट्यांचा दुष्काळ आहे. त्यानं मला टेम्पोत घातलं आणि जे. पी. नगरला एका घराच्या गच्चीवर नेऊन सोडलं. तिथं हजार लिटरची काळी प्लास्टिकची टाकी उभी. "लगा दे, शाम को आता हूँ," म्हणाला आणि गेला.

माझ्या पिशवीत हातोडी आणि तीन छिन्न्या. पाइपातलं मला काय कळतंय? तरी मागं हटलो नाही. एक नळी फिरवली, दुसरी फिरवली, तिसरी फिरवली तशी पाण्याची धार थेट तोंडावर आली आणि मी ओरडलो, "आयला!"

जिन्यातून एक म्हाताऱ्या बाई धावत वर आल्या. लुगडं भिजतंय ते सोडून माझ्याकडं बघत राहिल्या. "अय्यो देवा! तू मराठी की रे?"

त्या वसुमती अक्का. त्यांचे लोक शहाजीराजांच्या काळात इकडं आले म्हणे, घरात अजून मराठी बोलतात. पण ती मराठी घरातून बाहेर पडायला जागा नाही, म्हणून तिनं कानडीशी संसार केलाय. त्यांचे यजमान बिंदुमाधव अण्णा गच्चीवरच्याच पत्र्याच्या खोलीतून बाहेर आले, अंगात रबरी एप्रन, हात कोपरापर्यंत राखाडी. म्हणाले, "सरी सरी, बरं, अगोदर तो नळ स्वल्प बंद कर, मग ओळख करू."

मी नळ बंद केला नाही. अण्णांच्या मागं दार उघडं होतं आणि आत मशीनच्या चिमट्यात एक दगड धरलेला होता, अर्धा कापलेला, आणि त्याच्या पोटात लाल-पांढऱ्या रेघा होत्या. पाणी वाहत होतं आणि मी तिथंच बघत उभा.

मेस्त्रीनं संध्याकाळी मला हाकललं. पण अण्णांनी सोमवारी एका ग्रॅनाइटच्या यार्डात शब्द टाकला. आता मी किचनचे ओटे कापतो, खोली तिघांत आहे, जेवण होतं. काळजी करू नका, म्हणजे तुम्ही करत नाही हे मला माहीत आहे, मामीला सांगतोय.

आणि दाराला लावायचा गोटा सापडत नाही असं मामी फोनवर म्हणाली. मला काय विचारता? कुत्र्यानं नेला असेल.

नमस्कार.

जयसिंग


२० ऑक्टोबर २०२४

मामा,

गोटा माझ्याकडं आहे.

तीन किलोचा दगड कुत्रा नेत नाही हे लिहिताना मलाही कळत होतं. निघताना पिशवीत एक शर्ट कमी केला आणि तो घातला. विहिरीच्या खोदकामात तुम्हालाच सापडला होता, बाहेरून खरजेल्या बटाट्यासारखा. एका बाजूला नखाएवढा टवका उडालेला होता आणि आत दुधासारखं काहीतरी चमकायचं. तुम्ही पंधरा वर्षं त्यानं दार अडवलंत आणि मी पंधरा वर्षं उंबऱ्यावर बसून त्या नखाएवढ्या जागेत बघितलं. दाराला आता काय लावलंय? वीट लावा. (मामी, ही ओळ हळू वाच.)

मामीनं मागं सांगितलं की पहिलं पत्र तुम्ही फाडलं नाही, चहाच्या डब्यामागं ठेवलंत. मग दुसरं लिहायला हरकत नाही.

रविवारी सुट्टी असते, मी सकाळीच अण्णांच्या गच्चीवर जातो. अण्णा बँकेतून निवृत्त झाले, तीस वर्षं त्यांना हा एकच नाद. दगड आणायचा, मशीनवर त्याची चकती काढायची, जाड पावाच्या कापाएवढी, आणि ती घासून घासून अशी करायची की आतली नक्षी ओल्या दगडात दिसते तशी कोरड्यात दिसली पाहिजे. मी पहिल्याच दिवशी विचारलं, केवढ्याला विकता? म्हणाले, "विकत नाही रे."

"मग करता काय?"

"बघतो."

मामा, तुम्ही तिथं असता तर चप्पल घालून निघून गेला असता. मी बसलो. मला कुणीतरी पहिल्यांदाच सांगत होतं की दगडाकडं नुसतं बघितलं तर चालतं.

पण अण्णांनी माझा घाम काढला. घासायच्या पुडी पाच असतात, जाडीपासून मैद्यापर्यंत. एक झाली की हात, दगड, टेबल, नखं, सगळं धुवायचं, मग पुढची. मी घाई केली. दुसरीचा फडका चौथीला वापरला. मागच्या जाड पुडीचा एक कण, डोळ्याला दिसत नाही एवढा, त्यानं आरशासारख्या चकतीवर इथून तिथपर्यंत ओरखडा ओढला. अण्णा म्हणाले, "पुन्हा पहिल्यापासून." मी म्हणालो, एवढ्याशा ओरखड्याला कोण बघतंय? ते म्हणाले, "तूच. रोज बघशील." मी एप्रन फेकला आणि जिना उतरलो. खाली अक्कांनी विचारलं, "जेवून जातोस की भांडून?" जेवलो आणि परत वर गेलो.

ती चकती मी सात वेळा पहिल्यापासून केली. यार्डातली पोरं मला "सेवन टाइम्स" म्हणतात. तुमच्याकडं असताना मला दिवसातून सात कामं सुचायची आणि एक व्हायचं नाही, आठवतंय? तुम्ही म्हणायचा, याच्या ढुंगणाला चाकं आहेत. चाकं आहेत अजून. फक्त रविवारी काढून ठेवतो.

गोटा अजून कापलेला नाही. माझी हिंमत होत नाही. एकच आहे, आणि कापलेला दगड परत जोडता येत नाही.

तुमचं गुडघ्याचं तेल संपलं असेल. इथं एक मिळतं, वास घाण आहे पण गुण येतो. पाठवलंय.

जयसिंग


१ डिसेंबर २०२४

मामा,

आज कापला. घाईघाईत लिहितोय म्हणून अक्षर असं आलंय, नाहीतर बरं असतं.

इथं दगडाचा नाद असलेल्यांचं एक मंडळ आहे. तीसेक माणसं, कुणी डॉक्टर, कुणी कॉम्प्युटरवाली, आणि अण्णा त्यांचे चिटणीस. बावीस डिसेंबरला जे. पी. नगरच्या हॉलमध्ये त्यांचं प्रदर्शन आहे, नक्षीच्या चकत्यांना बक्षीस आहे. अण्णा म्हणाले, तुझा गोटा लाव. मी महिनाभर टाळलं, आज सकाळी पिशवीतून काढून टेबलावर ठेवला.

अण्णांनी बॅटरी लावून बघितला, पाण्यात बुडवून बघितला, पुस्तक काढून बघितलं आणि खडूनं उभी रेघ मारली. लांबीच्या बाजूनं, मोठी चकती निघेल अशी. सोबत शाल्मलीताई होत्या, पुण्याच्या, हेब्बाळला कंपनीत आहेत, पाच वर्षं हाच नाद. त्याही म्हणाल्या, परफेक्ट, इथूनच.

मी गोटा उचलला, डाव्या हाताच्या तीन बोटांवर तोलून धरला आणि हातोडीच्या मागच्या टोकानं वाजवला. तुम्ही पाट्याचा दगड घेताना वाजवता तसा, सगळीकडून, फिरवत फिरवत. ताईंनी विचारलं, "हे काय, नारळ आहे का?" मी म्हणालो, "गप बसा की जरा." त्या मॅनेजर आहेत हे मागाहून कळलं.

आडव्या अंगाला खणखणीत वाजत होता. खडूची रेघ जिथून गेली होती तिथं बद्द.

मी पुन्हा वाजवला. बद्द. फुटक्या मडक्यासारखा. मी म्हणालो, अण्णा, इथं आत चीर आहे, उभा कापला तर मशीनमध्येच दोन तुकडे होतील. अण्णांनी भिंग लावून बघितलं, म्हणाले, "कुठं आहे चीर? मला दिसत नाही." मी म्हणालो, दिसत मलाही नाही.

"मग तुला कुणी सांगितलं?"

"त्यानंच. आत्ता."

आडवा कापायचा म्हणजे चकती लहान होणार. अण्णा अजून खडूच्या रेघेकडंच बघत होते. मग म्हणाले, "दगड तुझा. रेघ तू मार." मी रेघ पुसली आणि आडवी मारली. कांदा आडवा चिरल्यावर चकत्या निघतात तशी.

पाऊण तास पातं चाललं.  दोन अर्धुकं सुटी झाली तेव्हा मी डोळे मिटून घेतले होते, हे फक्त तुम्हाला सांगतोय. अक्का बोलल्या म्हणून उघडले. त्या म्हणाल्या, "अय्यो, ह्याच्या आत कोण बसून रेघा काढत होता रे?"

मामा, तुमच्या दारातल्या गोट्यात निळसर करड्या रेघा आहेत, केसाएवढ्या बारीक. मी पन्नास मोजल्या आणि सोडून दिल्या. एकीच्या आत एक, कुठंही एकमेकीला न शिवता. मध्ये एकच रेघ लाल, विटकरी. आणि अगदी आत सुपारीएवढी पोकळी, साखरेचे खडे लावल्यासारखी. पंधरा वर्षं आपण त्याला लाथ मारून सरकवला.

आणि चीर होती. त्या पोकळीपासून एका कडेला गेलेली, धाग्यासारखी. अण्णांची खडूची रेघ तिच्याच अंगावरून गेली असती. चकती काढताना आम्ही तेवढी कड सोडून दिली, बाकी सगळी निर्मळ. अण्णा बराच वेळ एप्रनला हात पुसत राहिले. मग म्हणाले, "तीस वर्षं मी दगड बघतो. विचारलं कधीच नाही त्यांना."

आता मुद्द्याचं. प्रदर्शनाचा एक फॉर्म आहे. माझं नाव, दगड कुठला, आणि तिसरी ओळ: शिकवलं कोणी. ती रिकामी ठेवली तर चकती स्पर्धेत घेत नाहीत, त्यांचा नियम आहे. अण्णा फॉर्म भरत होते, पेन त्या ओळीवर थांबलं. म्हणाले, "माझं नाव घातलंस तर मी नको म्हणणार नाही." मामा, त्यांनी मला मशीन शिकवलं, पुडी शिकवली, थांबायला शिकवलं. पण आज जो दगड वाचला तो त्यांच्या शिकवण्यानं नाही वाचला. मी म्हणालो, "अण्णा, या ओळीवर माझ्या मामाचं नाव आहे. पण त्यांनी लावायला मनाई केलीय." अण्णांनी फॉर्म घडी घालून खिशात ठेवला आणि खाली गेले. आज, पहिल्यांदाच, रविवारची कॉफी त्यांनी नाही आणली, अक्कांनी आणली.

तुम्ही म्हणालात माझं नाव सांगायचं नाही, मी सहा महिने सांगितलं नाही. यार्डात विचारलं तर "ऐसेच" म्हणतो. पण खोटं नाव लिहिणार नाही आणि आपोआप उगवलो असंही लिहिणार नाही. त्यापेक्षा चकती घरी ठेवीन.

सोबत पोस्टकार्ड आहे, अण्णांचा पत्ता घालून. त्यावर "लाव" लिहा नाहीतर "नको" लिहा. एकच शब्द. पंधरा तारखेपर्यंत मिळायला हवं. फोनवर चालणार नाही, तुम्ही कट केला तर मला त्याचा अर्थ लावत बसावं लागेल.

मामी, तू लिहू नकोस. त्यांच्या हातचं पाहिजे.

जयसिंग


१८ डिसेंबर २०२४

मामा! मामी!

आलं. कार्ड आलं. आज बुधवार, दुपारी आलं, अक्कांनी यार्डात फोन केला आणि मी अर्ध्या कापलेल्या ओट्यावरून उठून सरळ बस पकडली. मालक कानडीत जे बोलला ते बरंय मला पुरतं कळत नाही.

पंधरा तारीख गेली तेव्हा मी आशा सोडली होती. अण्णांना म्हणालो, माझी चकती काढून घ्या यादीतून. अण्णा म्हणाले, "छापायला बुधवारी संध्याकाळी जाणार आहे. चिटणीस मी आहे. बुधवारपर्यंत मला तुझं काही ऐकू येत नाही." ज्यांचं नाव मी लिहिलं नाही त्यांनीच ती ओळ तीन दिवस धरून ठेवली.

"लाव. अक्षर नीट काढ."

एक शब्द मागितला होता, तुम्ही चार दिलेत. मी कार्ड उलटं धरून बघितलं, उन्हात धरून बघितलं, अण्णांना वाचायला लावलं, मग अक्कांना. खाली मामीनं बारीक अक्षरात लिहिलंय की दोन दिवस कार्ड खिशात घालून हिंडत होते, शेवटी जेवता जेवता पेन मागितलं. मामी, तू मोठी चहाडखोर आहेस. अशीच राहा.

अक्षर नीट काढलं, मामा. "ष्ण" तीनदा कच्चा काढून मग पक्का लिहिला.


२३ डिसेंबर २०२४

मामा,

पहिला.

पुढचं सगळं त्याच्यामागून वाचा, घाई नाही. मामी, ही ओळ दोनदा वाच. पहिला नंबर.

हॉलमध्ये लांब टेबलं, त्यावर काळं कापड, त्यावर चकत्या. साठ-सत्तर होत्या. एकेकीपुढं थांबलं तर दिवस पुरला नसता. कुणाची हिरवी, आत शेवाळ तरंगल्यासारखी. शाल्मलीताईंची तर अशी की पाठीमागं दिवा धरला की पेटायची. आपली सगळ्यांत लहान, तळहाताएवढी. तिच्यापुढं छापील कार्ड, कानडीत, इंग्रजीत आणि खाली मराठीत: दगड, मिरज तालुक्यातील विहिरीचा. कापणी व पॉलिश, जयसिंगराव. शिकवणारे, कृष्णाजी, पाथरवट. मी त्या कार्डापुढं एवढा वेळ उभा होतो की एका बाईंनी मला रखवालदार समजून बाथरूम विचारलं.

परीक्षक वादिराज सर, कॉलेजात दगडांचं शास्त्र शिकवायचे, ऐंशीच्या घरात, कमरेत वाकलेले. ते प्रत्येक चकती खिडकीपाशी नेऊन तिरकी धरायचे. ओरखडा असला तर तिरक्या उजेडात लपत नाही. आपली त्यांनी तिरकी केली, सरळ केली, पुन्हा तिरकी केली. मग मला बोलावलं. इंग्रजीत काहीतरी विचारलं, मी अण्णांकडं बघितलं. अण्णा म्हणाले, "विचारतात, एवढा चांगला गोटा, आडवा का कापलास? उभा कापला असता तर दीडपट मोठी निघाली असती."

मी मोडक्या हिंदीत सांगितलं की उभ्यात बद्द वाजत होता. "बद्द" हिंदीत काय म्हणतात मला माहीत नाही, म्हणून मी टेबलावरचा चहाचा कप उचलून चमच्यानं वाजवला, टण्ण. मग दुसरा उचलला, कान तुटलेला, तडा गेलेला, तो वाजवला. बद्द. वादिराज सरांनी दोन्ही कप माझ्या हातातून घेतले आणि स्वतः वाजवत बसले. सगळा हॉल थांबला, परीक्षक कप वाजवतायत. मग त्यांनी कार्ड वाचलं आणि विचारलं, हे कृष्णाजी कोण, कुठल्या कॉलेजात?

मी म्हणालो, "पाटे-वरवंटे बनवतात. मिरजेच्या बाजारात बसतात, शनिवारी."

ते हसले नाहीत, मामा. त्यांनी वहीत लिहून घेतलं. तुमचं नाव, बाजाराचा वार, सगळं.

संध्याकाळी माइकवर नंबर वाचले. तिसरा, दुसरा शाल्मलीताईंचा, आणि मग "जैसिंगा राव, स्टूडेंट ऑफ क्रिश्नजी." मी मागून ओरडलो, "कृष्णाजी!" माइकवाला म्हणाला, "यस, क्रिश्नजी." मी पुन्हा ओरडलो. तिसऱ्यांदा सगळा हॉलच माझ्यासोबत ओरडला, कृष्णाजी, "ष्ण" सकट. बंगळूरच्या डॉक्टर-इंजिनियरांनी, मामा. तुम्ही तेव्हा शेळीला पाला टाकत असाल.

शाल्मलीताई खाली उतरून म्हणाल्या, "माझं मशीन दोन लाखांचं आणि तुझा मामा फुकटचा. हे टोटली अनफेअर आहे." मग त्यांनी हात पुढं केला. मी म्हणालो, ताई, त्या दिवशी गप बसा म्हणालो ते माफ करा. त्या म्हणाल्या, "ऑफिसमध्ये पण कुणीतरी मला असं म्हणायला पाहिजे."

अण्णा सगळ्यांत शेवटी आले.  त्यांनी चकती उचलली, कोरड्या रुमालात गुंडाळली, माझ्या पिशवीत नीट ठेवली आणि म्हणाले, "चल, अक्कानं पुरणपोळी केलीय. तिला सकाळीच खात्री होती." माझ्या लक्षात आलं की त्यांनी त्या दिवशी आपली स्वतःची चकती मांडलीच नव्हती. विचारलं तर म्हणाले, जागा कमी होती.

जागा भरपूर होती.

फोटो पाठवलाय मामीच्या फोनवर. मामी म्हणाली तुम्ही फोन हातात घेऊन दारात उजेडाला गेलात आणि बराच वेळ आला नाहीत. काय बोललात ते विचारलं तर ती म्हणाली, "काही नाही, एवढंच की लाल रेघ एकच आहे." हो मामा. एकच आहे. कितीतरी जणांनी ती चकती बघितली, पण ती एकटी आहे हे तुमच्याशिवाय कुणी बोललं नाही.

जयसिंगराव (असंच छापलंय त्यांनी, मी काय करू)


१२ जानेवारी २०२५

मामा,

शुक्रवारी तुमचा फोन आला तेव्हा मी पाण्याच्या मशीनखाली होतो, म्हणून "कोण?" असं ओरडलो. तुम्ही "मी" म्हणालात आणि थांबलात. मीही थांबलो. दोघंही एवढा वेळ थांबलो की शेजारच्या पोराला वाटलं लाइन गेली. मग तुम्ही विचारलंत, "जेवला का?" आणि मी हो म्हणालो. सकाळचे साडेनऊ वाजले होते. जेवलो नव्हतो. पण हो म्हणायला बरं वाटलं.

तुम्ही म्हणालात संक्रांतीला ये. येतो. यार्डाला तीन दिवस सुट्टी आहे, सोमवारी रात्रीची गाडी पकडतो आणि हे पत्र हातानंच आणतो, पोस्टानं ते मागं पडेल. चकती आणतो, पण ती तुमच्या घरात दाराला लावायची नाही, आधीच सांगतो.

एक गोष्ट फोनवर सांगायची राहिली. प्रदर्शनानंतर मंडळातल्या सहा जणांनी अण्णांना गाठलं, त्या पोराला म्हणा आम्हाला दगड वाजवायला शिकव. मी हसलो, हे काय शिकवायचं? अण्णा म्हणाले, "तुला फुकट मिळालं म्हणून तुला ते लहान वाटतं. शिकवणीची फी घे." आणि त्यांनीच ठरवली, माणशी पाचशे. सातवे ते स्वतः बसले, पाचशेची नोट काढून. मी घेत नव्हतो. ते म्हणाले, "मग मी उठतो."

तर आज पहिला वर्ग झाला, गच्चीवर. सात माणसं, सगळी माझ्याहून दुप्पट शिकलेली, डोळ्याला रुमाल बांधून बसली होती आणि मी त्यांच्यामधून हातोडी घेऊन फिरत होतो. एक दगड तीन बोटांवर धरायचा, मुठीत आवळायचा नाही, आवळला की तो मुका होतो. हे मला तुम्ही कधी शब्दांत सांगितलं नव्हतं, नुसती माझी बोटं सोडवायचा. मला आज पहिल्यांदा ते तोंडानं बोलावं लागलं. डॉक्टर आहेत एक, त्यांना अर्धा तास काही कळेना, घाम फुटला. मी त्यांची बोटं सोडवली. त्यांनी पुन्हा वाजवलं, रुमाल तसाच बांधलेला, आणि ओरडले, "बद्द! हा बद्द आहे!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अण्णांना पहिल्याच फटक्यात कळलं, पण ते म्हणाले की आपलं वय झालं, दगड चुकीचा ऐकला असेल. पुन्हा वाजवायला लावलं. पुन्हा बरोबर.

शेवटी वर्गातल्यांनी विचारलं, सर, या पद्धतीला काय म्हणतात? मला सर म्हणाले, मामा. मी म्हणालो, नाव नाही काही, माझ्या मामाची आहे.

तुमचाच
जयसिंग

ता. क. कापतो, घासतो त्याचे पैसे माझे, ते मी खातो. पण हे शिकवण्याचे आहेत आणि शिकवणं तुमचं आहे, तेव्हा यातला एक रुपया मी ठेवलेला नाही. परत पाठवलेत तर पुन्हा पाठवीन. मामीच्या खात्यावर आत्ताच टाकलेत, सात जणांचे, साडेतीन हजार रुपये.